सायकल आपल्या मापाची हवी

शिंप्याकडे सदरा टाकताना आपण माप देतो. वहाणा घेताना पाय घालून पाहतो. नवे जू बैलाच्या मानेला कोठे घासते, हेही शेतकरी वाकून पाहतो. सायकल घेताना मात्र रंग, किंमत आणि कॅरिअरची मजबुती एवढेच पाहून आपण ती घरी आणतो. पुष्कळ घरांत सायकल एकच असते. तीवरून बाप दुधाची किटली घेऊन डेअरीला जातो, थोरला मुलगा कॉलेजला जातो आणि धाकटा दांड्याखालून पाय घालून हाफ पॅडल मारतो. सीट मात्र दुकानदाराने बसवली तेथेच वर्षानुवर्षे राहते.

याने काय बिघडते, याचा थोडा हिशेब करू. आपल्या साध्या २८ इंची चाकाच्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असले, तर पॅडलच्या एका फेरीत ती सुमारे साडेपाच मीटर जाते. डेअरी पाच किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा किलोमीटर होतात, म्हणजे अठराशेहून अधिक फेऱ्या. उतारावर पाय थांबतात ते सोडले, तरी प्रत्येक गुडघा रोज हजारापेक्षा जास्त वेळा वाकतो आणि सरळ होतो. सीट दोन इंच खाली असेल तर तेवढ्या वेळा तो गरजेपेक्षा जास्त वाकून भार उचलतो. याच गुडघ्यांवर आपल्याला भाताची लावणी करायची असते, भांगलणीला बसायचे असते. म्हणून हा विषय केवळ हौशी सायकलवाल्यांचा नाही.

माप घेण्याचा एक क्रम आहे. तो मोडू नये. आधी पाय, मग फ्रेम, मग सीट आणि शेवटी हँडल.

१. पायाचे माप

अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहावे. दोन पावलांत वीतभर अंतर ठेवावे. जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन पायांमध्ये धरून, त्याची एक कड भिंतीला चिकटवून, सीटवर बसल्यासारखा दाब येईपर्यंत वर सरकवावे. दुसऱ्याने पुस्तकाच्या वरच्या कडेशी पेन्सिलीची खूण करावी. जमिनीपासून खुणेपर्यंतचे अंतर म्हणजे आपल्या पायाची आतली लांबी. तीन वेळा मोजून मधले माप धरावे. अंगाच्या उंचीवरून अंदाज करू नये. सारख्या उंचीच्या दोन सख्ख्या भावांचे पायही पाच-पाच सेंटिमीटरने कमीजास्त असू शकतात.

२. फ्रेमचे माप

२८ इंच हे चाकाचे माप झाले. फ्रेमचे माप वेगळे असते. सीटची नळी जेथे संपते तेथपासून खाली क्रँकच्या एक्सलपर्यंतचे अंतर म्हणजे फ्रेम. आपल्या दांड्याच्या सायकली मुख्यतः २२ आणि २४ इंची फ्रेमच्या असतात. दुकानात चप्पल-बूट घालून दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहावे. दोन्ही टाचा जमिनीवर टेकलेल्या असताना दांडा आणि शरीर यांत निदान एक इंच मोकळी जागा हवी. ती नसेल तर ती सायकल आपली नव्हे, मग ती कितीही स्वस्त मिळो. एकाएकी ब्रेक लागून पुढे उतरावे लागले की या एका इंचाची किंमत कळते.

विजापूर आणि बागलकोट जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या मुलांनी सायकल शर्यतीत नाव कमावले आहे. ते पाहून आपल्याकडील तरुणही जुनी गिअरची रेसिंग सायकल शोधू लागले आहेत. त्या सायकलीची फ्रेम सेंटिमीटरमध्ये मोजतात. आडवा दांडा जमिनीला समांतर असेल, तर पायाच्या मापाला ०.६५ ने गुणावे. पाय ८० सेंटिमीटर असेल तर ५२ ची फ्रेम शोधावी. दांडा मागे उतरता असेल तर हा आकडा फसवतो. अशा सायकलीत सीटपासून हँडलपर्यंतची लांबी आपल्याला झेपते का, हे बसूनच पाहावे. सीट वर घेता येते, पण लांब फ्रेम तोकडी करता येत नाही.

३. सीटची उंची

येथेच सर्वांत जास्त चूक होते. बसल्याबसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, असा आपला समज आहे. तसे टेकत असतील तर सीट खाली आहे. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायचा असतो. ही सवय आठ दिवसांत होते. वृद्धांनी आणि नवशिक्यांनी सीट सुरुवातीस थोडी खाली ठेवून हळूहळू वर न्यावी.

सर्वांत सोपी रीत अशी. भिंतीला धरून सीटवर नीट बसावे. एक पॅडल अगदी खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला, पण कंबर एका बाजूला कलली नाही, तर उंची बरोबर आहे. मग चालवताना टाचेऐवजी चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्याला हवा तेवढा बाक राहतो.

टेपने मोजायचे असल्यास १९६७ साली इंग्लंडमध्ये हॅमली आणि थॉमस यांनी प्रसिद्ध केलेले माप आहे. पायाच्या लांबीला १.०९ ने गुणावे. खाली गेलेल्या पॅडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढे अंतर ठेवावे. पाय ७६ सेंटिमीटर असेल तर सुमारे ८३. टूर दे फ्रान्स ही शर्यत १९८६, १९८९ आणि १९९० साली जिंकणारा ग्रेग लेमाँड क्रँकच्या एक्सलपासून सीटच्या माथ्यापर्यंत पायाच्या ०.८८३ पट अंतर सांगतो. दोन्ही रीतींत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा फरक पडतो. कमी येणाऱ्या मापापासून सुरुवात करावी.

सीटच्या दांडीवर खोलीची खूण असते. तिच्यावर दांडी काढू नये. खूण नसेल तर निदान अडीच इंच दांडी नळीत राहिलीच पाहिजे. नाहीतर ती मोडून अपघात होतो.

४. सीट मागेपुढे

सीट पाण्याच्या पातळीसारखी सपाट ठेवावी. रेसिंग सायकलीत दोन्ही क्रँक आडवे करून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून गवंड्याचा ओळंबा सोडावा. तो पॅडलच्या एक्सलजवळ पडावा. आपल्या उभ्या सायकलीत सीटची नळी मागे झुकलेली असते. तेथे ओळंबा थोडा मागे पडला तरी चालतो.

५. हँडल

सीट ठरल्यावरच हँडलला हात लावावा. मुठी धरल्यावर कोपर किंचित वाकलेले आणि खांदे सैल हवेत. साध्या सायकलीत हँडल सीटच्या बरोबरीने किंवा थोडे वर ठेवावे. सळईच्या ब्रेकची सायकल असेल तर हँडल वर घेतल्यावर ब्रेकच्या सळयाही जुळवाव्या लागतात. ते काम मिस्त्रीकडून करून घ्यावे आणि ब्रेक तपासल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये.

दुखणे काय सांगते?

गुडघ्याच्या पुढे, वाटीभोवती दुखते : बहुधा सीट खाली किंवा फार पुढे आहे.
गुडघ्याच्या मागे ओढ बसते, किंवा कंबर डावी-उजवीकडे हलते : सीट फार वर आहे.
करंगळीला मुंग्या येतात : अंगाचा भार हातांवर पडतो. सीटचे टोक खाली झुकले आहे का, हँडल फार खाली आहे का, ते पाहावे.
मान व खांदे भरून येतात : हँडल फार लांब आहे.

एका वेळी एकच बदल करावा, तोही अर्ध्या सेंटिमीटरचा, आणि चार-पाच दिवस चालवून पाहावे. सगळे एकदम बदलले तर कशाने बरे वाटले ते समजत नाही. गुडघा सुजला, अडकला किंवा माप नीट करूनही दोन आठवड्यांत दुखणे कमी झाले नाही, तर तेल चोळत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

वाढत्या मुलांची सीट दर तीन महिन्यांनी तपासावी. "पुढे उपयोगी पडेल" म्हणून मुलाला मोठी सायकल देणे म्हणजे तोवर त्याला रोज धोक्यात पाठवणे होय. मुली व स्त्रियांच्या बिनदांड्याच्या सायकलीलाही सीटचे हेच माप लागू आहे.

घरात एकच सायकल असेल तर प्रत्येकाच्या मापाची खूण सीटच्या दांडीवर रंगाने करून ठेवावी, आणि पाना सायकलीलाच बांधून ठेवावा. सीट वर-खाली करायला दोन मिनिटे लागतात. डेअरीहून सायकल परत आली की कॉलेजला निघणाऱ्याने ती दोन मिनिटे जरूर द्यावीत.