संकेत, परिभाषा आणि परिवाराची बोली

शब्द आणि अर्थ यांचा संबंध संकेताने बांधलेला असतो, असे नैयायिक म्हणतात. परंतु हा संकेत सर्व लोकांत एकच नसतो. विरार गाडीत ‘चौथी सीट’ म्हणजे तिघांच्या बाकाच्या कडेला कसेबसे टेकण्यापुरती मिळालेली जागा, हे नित्याच्या प्रवाशाला सांगावे लागत नाही. गावाहून आलेला पाहुणा मात्र ती सीट शोधीतच राहतो. वसईतील सामवेदी ब्राह्मण व कुपारी ख्रिस्ती एकच कादोडी बोली बोलतात, आणि ती घाटावरच्या मराठी माणसाला पुरती उमगत नाही. बोलीची कुंपणे धर्माच्या कुंपणांवरून जात नाहीत, एवढे यावरून दिसते.

पंथाच्या परिवारालाही आपली अशी बोली आहे. बिढार, आरोगणा, पहुड, पूजावसर, विजन, परिश्रय हे शब्द लीळाचरित्रात व स्थानपोथीत पदोपदी येतात. ‘परिश्रयस्थान’ वाचून तेथे काही परिश्रम घडले असावेत, असे नवख्या वाचकास वाटते. वस्तुतः तो देहधर्माचा निर्देश आहे. ‘अनुसरणे’ म्हणजे बाहेर कुणामागे जाणे, तर परिवारात सर्वसंगपरित्याग करून परमेश्वरास शरण जाणे. आज विरार-नालासोपाऱ्याकडे स्थायिक झालेल्या वासनिकांच्या मुलांना हे शब्द कानावर पडतात, पण उलगडत नाहीत. मग वडील मंडळी पोथी आपसांत वाचतात आणि मूल कोपऱ्यात बसून राहते. ही हानी लहान नव्हे.

हे शब्द कुणी लपविण्यासाठी घडविलेले आहेत काय? मुळीच नाही. त्यांतील बरेचसे तेराव्या शतकातील मराठीचे शब्द होत. बाहेरची भाषा पुढे सरकली, परिवाराने मात्र ते जपले. ‘बिढार’ तर बाहेरही नष्ट झालेले नाही; चाळीत ‘बिऱ्हाड’ थाटणारा तोच शब्द उच्चारीत असतो. पहुडणेही मराठीत अद्याप आहे. आद्याचार्य श्रीनागदेवाचार्यांनी केशवराज सूरींना संस्कृतात लिहिण्यापासून परावृत्त केले, ते म्हाताऱ्या बायाबापड्या ज्ञानास मुकू नयेत म्हणून, हे स्मृतिस्थळावरून सर्वांस ठाऊक आहे. तीच भाषा आज घरातल्या मुलास परकी व्हावी, हा विचार करण्याजोगा विपर्यास आहे.

लपविण्याचा प्रकार निराळा, आणि तो शब्दांचा नसून अक्षरांचा. चौदाव्या शतकापासून पंथात सकळ, सुंदरी, अंक, शून्य, वज्र अशा लिपी प्रचारात आल्या. सकळ लिपीचे जनकत्व परंपरेने रवळोबासांकडे जाते. एका अक्षराच्या ठिकाणी दुसरे योजावयाचे, की किल्ली नसलेल्यास पोथी मुकी होते. यामुळे अनधिकारी हातांचे पाठभेद टळले आणि जुनी मराठी पुष्कळशी शुद्ध राहिली. पण बंद दाराआड काय चालते याविषयी बाहेर नाना प्रवाद उठले, आणि त्यांचे चटके परिवाराने शतकानुशतके सोसले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केल्यावर मराठी गद्याचा केवढा ठेवा येथे होता हे विद्वानांस कळले.

आता उपदेश करणाऱ्याने एक विवेक राखावा. आरोगणा म्हणजे जेवण, पूजावसर म्हणजे पूजेची वेळ, असे सांगून पुढे जाता येते. ‘देवता’ आणि ‘प्रपंच’ यांचे तसे नाही. लोकव्यवहारात देव व देवता एकच, आणि प्रपंच म्हणजे घरसंसार. ब्रह्मविद्येत जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार स्वतंत्र नित्य पदार्थ. देवता आपापल्या मर्यादेतले फळ देतात, मोक्ष परमेश्वरच देतो. शेजाऱ्याने ‘तुमची देवता कोणती?’ असे सहज विचारले, तर वासनिकाने त्याच्या अर्थाने उत्तर द्यावे, शब्दावरून वाद मांडू नये. मात्र निरूपणास बसलेल्या मुलापुढे सोपेपणासाठी देवतेच्या जागी ‘देव’ म्हटले, तर चार पदार्थांचे तीनच उरतात आणि पुढील सारे प्रकरण त्यास उलटे कळते. तेथे शब्द तसाच ठेवून त्याचा अर्थ, वेळ लागला तरी, उघडून दाखवावा.