थायरॉइडचा कर्करोग : रुग्णांची कथने आणि वैद्याची जबाबदारी

पिंपरी, भोसरी, चाकण या औद्योगिक पट्ट्यात चिकित्सा करणाऱ्या वैद्याकडे गळ्यावरील गाठ घेऊन येणारा रुग्ण नवा नाही. त्यांपैकी बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात, थोड्या तशा नसतात. थायरॉइडच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेले काही रुग्ण नंतरचा थकवा, मलावष्टंभ, केस गळणे अशा तक्रारींसाठी माझ्याकडे येत राहिले आणि गाठ प्रथम लक्षात आल्यापासूनची हकीकत त्यांच्याकडून सविस्तर ऐकता आली. प्रस्तुत लेख त्या कथनांवर आधारलेला आहे. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून व्यवसाय, वसतिस्थान आदी तपशील बदलले आहेत.

एक गोष्ट प्रारंभीच स्पष्ट करतो. या व्याधीत शस्त्रक्रिया हीच प्रधान चिकित्सा आहे आणि सर्वाधिक आढळणाऱ्या पॅपिलरी प्रकारात तिचे फळ फार चांगले मिळते. वैद्याला करण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु ते शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर. शस्त्रक्रियेऐवजी काही करू पाहणाऱ्याने रुग्णाचे नुकसान केलेले मी पाहिले आहे.

ग्रंथोक्त विचार

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचा एकत्र विचार केला आहे. गलगंडाचे वातज, कफज व मेदोज असे तीन भेद सांगून असाध्य लक्षणांत श्वासकष्ट, अरुची, क्षीणता, एक वर्षाहून अधिक काळ आणि स्वरभेद यांची गणना केली आहे. आज ज्याला आवाजाच्या नसेवर झालेले आक्रमण व श्वासनलिकेवरील दाब म्हणतात, त्याचीच ही शय्येजवळ केलेली नोंद होय. मांसार्बुदाच्या वर्णनात वेदनारहित, न पिकणारी, दगडासारखी कठीण व न हलणारी वाढ सांगितली आहे, तीही येथे आठवावी.

मात्र ही असाध्यत्वाची लक्षणे आहेत, निदानाची पहिली खूण नव्हे, हा भेद आपल्याकडे वारंवार विसरला जातो. स्वर बसलेला नाही, श्वास लागत नाही, म्हणून गाठ साधी, असा उलटा अर्थ काढणे शास्त्रसंमत नाही. पॅपिलरी कर्करोगाची गाठ कित्येक वर्षे कोणतेही लक्षण न दाखवता राहू शकते.

गाठ प्रथम दिसते तेव्हा

एका गृहिणीला लग्नसमारंभात दागिना घालताना जावेने सांगितले, ‘तुझ्या गळ्याला काहीतरी आलंय.’ चाकणच्या एका कारखान्यातील जुळणी विभागात काम करणाऱ्या तरुणाची गाठ कंपनीच्या वार्षिक आरोग्यतपासणीत हाताला लागली. तिसऱ्या रुग्णेच्या मानेची सोनोग्राफी वेगळ्याच कारणासाठी झाली होती. तिघांच्याही बोलण्यात एक वाक्य समान होते : ‘दुखत नव्हतं, म्हणून लक्ष दिलं नाही.’

यांतील गृहिणीला दुसऱ्या एका चिकित्सकाने आठ महिने लेप व गुग्गुळ कल्प दिले. टी.एस.एच. प्राकृत आल्यामुळे ‘थायरॉइडचा काही दोष नाही’ असेही सांगितले. सोनोग्राफी झालीच नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी मानेतील लसग्रंथीही बाधित निघाल्या आणि शस्त्रक्रियेचा विस्तार वाढला. ती आज व्यवस्थित आहे. पण ‘आठ महिने मी रोज नेमाने लेप लावत होते हो’ हे तिचे वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही.

येथे व्यवसायबंधूंनी एक मुद्दा पक्का ध्यानात ठेवावा. टी.एस.एच. ही ग्रंथीच्या कार्याची परीक्षा आहे, गाठीच्या स्वरूपाची नव्हे. थायरॉइडच्या कर्करोगाच्या बहुतेक रुग्णांत ती प्राकृतच असते. हाताला लागणाऱ्या प्रत्येक गाठीसाठी टी.एस.एच. आणि मानेची सोनोग्राफी या दोन्ही तपासण्या सांगाव्यात. गाठ कठीण असेल, वाढत असेल, मानेत बाजूला दुसरी गाठ लागत असेल, आवाज बदलला असेल, कुटुंबात कोणाला हा रोग झाला असेल किंवा बालपणी मानेला किरणोपचार झाले असतील, तर विलंब न लावता पुढे पाठवावे. पुरुषांत या गाठी कमी आढळतात, परंतु आढळल्यास अधिक साशंक राहावे. कांचनार गुग्गुळ हा शार्ङ्गधरोक्त कल्प गंडमाला, अपची, अर्बुद, ग्रंथी यांवर सांगितला आहे व तो आपण सर्वजण वापरतो. निदान हाती येईपर्यंत त्याच्या भरवशावर गाठीला मुदत देऊ नये, इतकेच म्हणणे आहे.

सुईची भीती

‘सुई टोचली की गाठ पसरते’ हा समज आपल्याकडे सार्वत्रिक आहे. काही रुग्ण केवळ त्यासाठी वैद्याकडे वळतात. थायरॉइडच्या गाठीतून बारीक सुईने पेशी घेण्याची ही तपासणी, म्हणजे एफ.एन.ए.सी., बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत होते आणि सुईच्या मार्गाने रोग पसरणे ही अत्यंत विरळ घटना आहे. हे आपण सांगितले तर रुग्णाला पटते, कारण त्याने आपल्यावर विश्वास ठेवलेला असतो.

अहवालाची भाषा मात्र रुग्णाला गोंधळात टाकते. २००७ साली अमेरिकेतील बेथेस्डा येथे झालेल्या परिषदेतून सहा वर्गांची पद्धत आली. तीच आज आपल्या प्रयोगशाळांच्या अहवालांत दिसते. दुसरा वर्ग निरुपद्रवी, सहावा कर्करोगाचा. मधले तिसरा व चौथा हे अनिश्चिततेचे. फॉलिक्युलर प्रकारात तर पेशी पाहून निर्णय होऊच शकत नाही, कारण गाठीच्या आवरणात वा रक्तवाहिनीत शिरकाव झाला आहे काय हे गाठ काढून तपासल्यावरच कळते. अशा रुग्णाची अर्धी ग्रंथी आधी काढली जाते आणि ‘कर्करोग’ हा शब्द नंतर उच्चारला जातो. भोसरीतील एका लेथ कारागिराने हे फार नेमके सांगितले : ‘ऑपरेशनला गेलो तेव्हा गाठ होती, टाके काढायला गेलो तेव्हा कॅन्सर झाला.’ ही शक्यता अगोदर समजावून सांगितली असती तर त्याला आपण फसवले गेलो असे वाटले नसते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दक्षिण कोरियात निरोगी लोकांच्या मानेची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कर्करोगाच्या निदानांचे प्रमाण सुमारे पंधरा पटींनी वाढले. मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळजवळ तेच राहिले. जपानमधील कोबे येथील कुमा रुग्णालयात १९९३ पासून एक सेंटिमीटर वा त्याहून लहान, कमी धोक्याच्या पॅपिलरी गाठी शस्त्रक्रियेविना नियमित निरीक्षणाखाली ठेवल्या जात आहेत आणि त्यांतील बहुसंख्य वाढत नाहीत, असे दिसून आले आहे. सबब गाठ वा लक्षण नसलेल्या रुग्णाला ‘एकदा गळाही पाहून घ्या’ असे सहज सांगू नये. तपासण्यांच्या पॅकेजांची जाहिरात आपल्या भागात वाढली आहे, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

‘चांगला कॅन्सर’

निदान सांगताना ‘कॅन्सरच व्हायचा तर हा बरा’ असे बहुतेक रुग्णांना ऐकावे लागते. सांगणाऱ्याचा हेतू धीर देण्याचा असतो. रुग्णाला मात्र आपले दुःख कोणी मोजतच नाही असे वाटते. घरचेही तेच वाक्य उचलतात आणि मग थकवा, भीती, रात्रीची अनिद्रा यांविषयी बोलण्याची सोय उरत नाही. निगडीच्या एका शिक्षिकेने सांगितले की तिला रडायचीही चोरी झाली होती. अशा रुग्णाला आकडे ऐकवण्यापूर्वी पाच मिनिटे बोलू द्यावे. आपल्याकडील प्रश्नपरीक्षेचा हा उपयोग मोठा आहे आणि त्यास खर्च नाही.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस

संपूर्ण ग्रंथी काढलेल्या रुग्णाच्या बाबतीत पहिल्या आठवड्यात एक धोका वैद्याने ओळखलाच पाहिजे. थायरॉइडच्या मागे सामान्यतः चार परावटू ग्रंथी असतात. त्यांना धक्का बसल्यास रक्तातील कॅल्शियम उतरते, आणि ते बहुधा शस्त्रक्रियेनंतर एक ते तीन दिवसांत. ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येणे, हातांत पेटके येणे ही त्याची लक्षणे. रुग्ण तोवर घरी आलेला असतो आणि जवळचा वैद्य म्हणून आपल्याला फोन करतो. यास वातप्रकोप समजून अभ्यंग, स्वेदन सुचवू नये. त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे, कारण तीव्र अवस्थेत झटके येऊ शकतात व हृदयगती बिघडू शकते.

आवाजाचा प्रश्न अधिक रेंगाळतो. वर उल्लेखिलेल्या शिक्षिकेला दोन महिने वर्गात हजेरी घेतानाही धाप लागत असे. स्वरयंत्राच्या नसेला झालेली सूज बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरते. तरीही कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतूंची तपासणी आणि आवाजाचे व्यायाम यांना पर्याय नाही. यष्टिमधूसारखी द्रव्ये जोडीला देता येतात. पाणी पिताना ठसका लागत असेल तर मात्र तपासणी लांबवू नये.

आयोडीनची मात्रा

काही रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर किरणोत्सारी आयोडीन १३१ दिले जाते. मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून हे कार्य करीत आले आहे. आपल्या भागातील अनेक कुटुंबांना तेथील वाऱ्या परिचित आहेत. या मात्रेपूर्वी सामान्यतः तीन-चार आठवडे थायरॉक्सिन थांबवले जाते. त्या काळात अंग जड होणे, शैत्य, शोथ, मंदपणा ही कफावृत अवस्थेसारखी लक्षणे उमटतात. रुग्णाने यंत्रावर काम करणे व चाकणच्या रस्त्यावर दुचाकी चालवणे तेवढे दिवस टाळावे, हे आपण सांगावे. त्यावर उष्ण-तीक्ष्ण चिकित्सा आरंभू नये. ही अवस्था हेतुपुरस्सर आणलेली आहे.

मात्रेपूर्वी एक-दोन आठवडे अल्प आयोडीनचा आहार असतो. आयोडीनयुक्त मीठ, समुद्रातील मासळी, अंडी, दुग्धपदार्थ वर्ज्य वा मर्यादित. सैंधव चालेल काय, असा प्रश्न हमखास येतो. आयोडीन न मिसळलेले सैंधव साधारणतः चालते, परंतु पाकिटावरील मजकूर वाचावा, कारण काही वेष्टनांतील सैंधवातही आयोडीन मिसळलेले असते. शंख, प्रवाळ, मुक्ताशुक्ती ही सागरोद्भव द्रव्ये या काळात संबंधित तज्ज्ञाला विचारल्यावाचून देऊ नयेत. घरी परतल्यावर काही दिवस लहान मुले व गर्भिणी यांच्यापासून अंतर ठेवावे लागते. एका खोलीत पाच जण राहणाऱ्या कामगाराने ते कसे ठेवावे? माझ्या एका रुग्णाने पत्नी व मुलांना आधीच गावी पाठवले होते. ही व्यवस्था मात्रेच्या तारखेपूर्वी व्हावी, म्हणून विषय आपण आधी काढावा.

जन्मभराची गोळी आणि आपली औषधे

औषधालयाच्या चालकांसाठी हा भाग महत्त्वाचा आहे. थायरॉक्सिन रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास घ्यावयाचे असते. कॅल्शियम व लोह त्याचे शोषण रोखतात. आपल्याकडे शंखभस्म, कपर्दिक, गोदंती, प्रवाळपंचामृत, नवायस लोह, पुनर्नवा मंडूर हे सर्व या वर्गात येतात. सकाळी अनशापोटी गोळीसोबतच हे कल्प घेणारे रुग्ण मी पाहिले आहेत. टी.एस.एच. वाढते, डॉक्टर मात्रा वाढवतात आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. या दोहोंत चार तासांचे अंतर असावे. इसबगोलही गोळीपासून दूर ठेवावे.

अश्वगंधा व गुग्गुळ यांचा थायरॉइडच्या संप्रेरकांवर परिणाम होतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. अश्वगंधेच्या सेवनानंतर संप्रेरके अतिवाढल्याच्या मनुष्यांतील नोंदीही प्रसिद्ध झाल्या आहेत. कर्करोगाच्या रुग्णात टी.एस.एच. कोठे राखावयाचे हे तज्ज्ञाने ठरवलेले असते. म्हणून ही द्रव्ये देताना लेखी कळवावे. केसांसाठी विकल्या जाणाऱ्या बायोटीनच्या गोळ्या रक्ततपासणीलाच फसवतात. तपासणीपूर्वी किमान दोन दिवस त्या बंद ठेवण्यास दुकानदारानेच सांगावे.

पाळीत काम करणाऱ्यांची अडचण निराळी. तिसरी पाळी संपवून सकाळी येणारा, उपाहारगृहात चहा-नाश्ता उरकून झोपणारा कामगार ‘सकाळी उठल्यावर’ गोळी कधी घेणार? शेवटच्या जेवणानंतर तीन तासांनी, झोपण्यापूर्वी घेतली तरी चालते. वेळ रोज शक्यतो एक असावी. हे त्याच्या डॉक्टरांशी बोलून ठरवून द्यावे. थायरॉक्सिनचा अंश शरीरात बरेच दिवस टिकतो, त्यामुळे एक गोळी चुकल्यास घाबरण्याचे कारण नाही. पण ‘आयुर्वेदाने गोळी सुटेल’ असे आश्वासन ग्रंथीच काढलेल्या रुग्णाला देणे अनाठायी आहे. हे संप्रेरक निर्माण करणारा अवयवच उरलेला नसतो.

औषधालयाच्या दर्शनी भागातील फलकांबद्दलही लिहिणे आवश्यक आहे. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात कर्करोग आणि गलगंड हे दोन्ही समाविष्ट आहेत. त्यांवरील उपचाराची जाहिरात हा गुन्हा ठरतो. ‘थायरॉइडच्या गाठी विनाऑपरेशन’ अशी पाटी आपल्या दुकानात कंपनीच्या प्रतिनिधीने आणून लावली असली, तरी ती आजच उतरवावी.

शेवटी कागदपत्रांविषयी. कामगार राज्य विम्याचे अनेक सभासद या पट्ट्यात आहेत व मोहननगर, चिंचवड येथे विमा रुग्णालय आहे. सभासदाला आजारपणात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के लाभ मिळतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. कर्करोग हा दीर्घकालीन आजारांच्या यादीत असून पात्र सभासदास त्यापुढे ८० टक्के दराने विस्तारित लाभ मिळू शकतो, हे थोड्यांना माहीत असते. त्यासाठी सलग दोन वर्षांच्या नोकरीची व वर्गणीच्या दिवसांची अट आहे. जुळणी विभागातील त्या तरुणाने पगार बुडेल म्हणून बाविसाव्या दिवशी कामावर हजर होऊन पेट्या उचलण्यास आरंभ केला होता. ऊतिपरीक्षेचा अहवाल व रुग्णालयाचे मुक्तिपत्र घेऊन विमा कार्यालयात जाण्यास त्याला सांगितले, तेव्हा असे काही असते याची त्याला कल्पनाही नव्हती.