‘फोनपे केलंय’ म्हणजे नेमकं कशावरून?

मैत्रिणींनो, आपल्या जिल्ह्यात ‘गोकुळ’ म्हटलं की दूध संघ, एवढ्यावर भागतं. कुणी पूर्ण नाव विचारत नाही. मोबाईलमधल्या ॲपचं मात्र तसं नाही. तिथं एका आखूड नावाखाली तीन-चार वेगळी ॲप निघतात, आणि घोळ होतो तो पैशाचा.

समजा, बैठकीत एक ताई म्हणाली, “माझा हप्ता फोनपे केलाय.” सचिवताईंनी वहीत ‘फोनपे’ लिहिलं. खरं तर पैसे पाठवले होते गुगल पेवरून. पैसे पोचले असते तर काही बिघडलं नसतं. पण ताईच्या खात्यातून 1000 रुपये गेले आणि गटाच्या खात्यात आलेच नाहीत. फोनपे उघडून बघितलं, तर तिथं व्यवहारच नाही! मग ‘भरलेच नसतील’ असा बोल लागायला किती वेळ? गट चालतो विश्वासावर. म्हणून ही नावं नीट समजून घेऊया.

यूपीआय : हा रस्ता आहे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने तो 2016 मध्ये सुरू केला.

फोनपे, गुगल पे, पेटीएम, भीम : ही त्या रस्त्यावरची वाहनं. कागलला एसटीनं जा नाहीतर वडापनं, रस्ता एकच. पण पिशवी एसटीत राहिली, तर वडापवाल्याला विचारून मिळेल का?

जीपे : म्हणजे गुगल पे. हेच ॲप 2017 मध्ये ‘तेज’ नावानं आलं आणि 2018 मध्ये त्याचं नाव बदललं.

भीम : हे ॲप 30 डिसेंबर 2016 रोजी आलं. पण ‘भीम एसबीआय पे’ असं स्टेट बँकेचंही ॲप आहे. म्हणून नुसतं ‘भीम’ लिहून पुरत नाही.

वहीत काय लिहायचं?

1. तारीख आणि रक्कम.
2. ॲपचं पूर्ण नाव.
3. कोणत्या बँकेच्या खात्यातून पैसे गेले.
4. यूपीआयचा 12 अंकी क्रमांक. काही ॲप त्याला यूटीआर म्हणतात. ॲपचा स्वतःचा व्यवहार क्रमांक वेगळा असतो, दोन्हींत गल्लत करू नका. बँकेत हा 12 अंकी क्रमांक दाखवला की व्यवहार शोधता येतो.

पैसे अडकले तर? ज्या ॲपवरून पाठवले त्याच ॲपमध्ये तो व्यवहार उघडून तक्रार करा, नाहीतर आपल्या बँकेत जा. आपल्या खात्यातून पैसे कापले पण समोरच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे.

सावध राहा! आखूड नावाचा फायदा चोरही घेतात. ‘जीपे कस्टमर केअर’ असं इंटरनेटवर शोधलं तर भामट्याचा नंबर मिळू शकतो. मदत ॲपच्या आतच शोधा. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ किंवा ‘आरटीओ चलन’ अशा नावाची एपीके फाईल आली तर उघडू नका. नाव ओळखीचं असलं तरी ते ॲप सरकारचं असेलच असं नाही. कुणी फोनवरून ‘एनीडेस्क घ्या’ म्हणालं, तर फोन ठेवा. त्या ॲपमुळे आपला मोबाईल दुसऱ्याच्या हातात जातो. फसवणूक झालीच, तर लाजू नका, वेळ घालवू नका. लगेच 1930 वर फोन करा आणि बँकेलाही कळवा.

पुढच्या बैठकीत हे करा : प्रत्येकीनं आपल्या मोबाईलवरचं पैशाचं ॲप उघडून त्याचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचायचं. मग शेवटचा एक व्यवहार काढून त्यातला 12 अंकी क्रमांक शोधायचा. जिला सापडला तिनं शेजारणीला दाखवायचा. पिन मात्र कुणालाच सांगायचा नाही, अगदी सचिवताईंनाही नाही!