‘उद्घाटन’ आणि ‘आरंभ’ : शब्दविचार

कोणत्याही कार्याच्या औपचारिक सुरुवातीस आज ‘उद्घाटन’ म्हटले जाते. ‘उद्’ उपसर्गपूर्वक ‘घट्’ धातूच्या प्रयोजक रूपापासून हा शब्द सिद्ध होतो. मूळ अर्थ मिटलेले उघडणे, जसे कपाटोद्घाटन. कार्य सुरू करणे हा अर्थ लक्षणेने आला. इंग्रजीतील ‘इनॉगरेशन’ हा शब्द तर रोमन शकुनज्ञांवरून आला आहे. पक्ष्यांच्या उड्डाणावरून ते देवतांची अनुमती पाहत.

‘आरंभ’ याहून निराळा. ‘रभ्’ म्हणजे धरणे. ‘आरंभ’ म्हणजे हाती घेणे. दार दुसऱ्यानेही उघडता येते. हाती घेणे ज्याचे त्यानेच करावयाचे असते.

तळेगाव दाभाडे येथे 1908 साली पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. त्याचे दार त्या वर्षी उघडले. आरंभ मात्र अंताजी दामोदर काळे यांनी लोकांपुढे एकेका पैशासाठी हात पसरला तेव्हाच झाला होता.

पंथीय पोथ्यांच्या प्रारंभी ‘श्रीपरेशाय नमः’ असते. तेथे पोथी उघडते. वाचकाचा आरंभ व्हावयाचा असतो. अनुसरणाचेही तसेच. दीक्षाविधीने दार उघडते. अटन, भिक्षा, नामस्मरण हा आचार साधकाने हाती धरला तरच आरंभ होतो. घरी राहून स्मरण करणाऱ्या वासनिकासही हाच न्याय लागू आहे.

उपक्रम व उपसंहार यांच्या एकवाक्यतेवरून ग्रंथाचे तात्पर्य ठरते, असे मीमांसक मानतात. आयुष्याचे तात्पर्यही तसेच ठरावयाचे. म्हणून विधीचा दिवस स्मरावा. पण त्या दिवशी हाती धरलेले आज हातात आहे काय, हे नित्य पाहावे.