घरचा संगणक : पार्टिशन की ‘रेड’?

आज अनेक घरांत संगणक आहे. मुलांच्या गुणपत्रिका, जातीचे दाखले, घराचे करारपत्र, लग्नकार्याची छायाचित्रे, एखाद्या घरी दिवंगत आई-वडिलांचा ध्वनिमुद्रित आवाज, हे सारे त्या संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये साठवलेले असते. दाखल्याची दुसरी प्रत कचेरीतून मिळू शकते. गेलेल्या माणसाचा आवाज पुन्हा मिळत नाही. म्हणूनच दुसरी हार्ड डिस्क घेताना “पार्टिशन करायचे की रेड लावायचे?” या प्रश्नाचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे.

प्रथम पार्टिशन पाहू. पार्टिशन म्हणजे एकाच डिस्कचे भाग पाडणे. समजा, १ टीबीची डिस्क आहे. तिचा २०० जीबीचा ‘सी’ व उरलेल्या जागेचा ‘डी’ असे दोन भाग केले. ‘सी’मध्ये विंडोज व इतर प्रोग्राम, ‘डी’मध्ये आपली कागदपत्रे. उद्या विंडोज बिघडले, तर फक्त ‘सी’ पुसून ते नव्याने टाकता येते आणि ‘डी’ला धक्का लागत नाही. मात्र एका खोलीत भिंत घालून दोन खोल्या केल्या तरी छप्पर एकच असते. डिस्कच निकामी झाली, तर ‘सी’ व ‘डी’ दोन्ही जातात.

‘रेड’ची कल्पना याच्या उलट आहे. तेथे अनेक डिस्क जोडून त्यांची एक केली जाते. १९८८ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी हा विचार एका निबंधात मांडला. एका मोठ्या व महाग डिस्कऐवजी अनेक लहान व स्वस्त डिस्क एकत्र वापराव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. रेडचे प्रमुख प्रकार असे :

१) रेड ० : माहितीचे तुकडे करून ते दोन डिस्कवर वाटले जातात. १ टीबीच्या दोन डिस्क मिळून २ टीबी जागा मिळते व वेगही वाढतो. परंतु दोहोंपैकी एक जरी बंद पडली, तरी सर्व माहिती जाते. म्हणजे धोका जवळजवळ दुप्पट होतो.

२) रेड १ : दोन्ही डिस्कवर तीच माहिती एकाच वेळी लिहिली जाते. जागा १ टीबीच मिळते. पण एक डिस्क बंद पडली तरी काम थांबत नाही.

३) रेड ५ : किमान तीन डिस्क लागतात. एका डिस्कएवढी जागा पडताळणीच्या नोंदींसाठी खर्ची पडते. कोणतीही एक डिस्क गेली, तरी तिच्यावरील माहिती उरलेल्यांवरून पुन्हा तयार करता येते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रेड १ मध्ये दोन प्रती असतात, म्हणून माहिती सुरक्षित आहे असे अनेकांना वाटते. परंतु मुलाने चुकून एखादी फाइल पुसली, तर ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या व्हायरसने जगभरच्या संगणकांतील फाइलींना कुलूप घालून खंडणी मागितली. अशा हल्ल्यात रेडची दुसरी डिस्कही वाचत नाही. चोरी, आग, घरात शिरलेले पुराचे पाणी यांतही एकाच पेटीतील दोन्ही डिस्क एकदमच जातात.

बँकेत दिवसअखेरीस हिशेबाची वेगळी प्रत काढून ती दुसऱ्या ठिकाणी ठेवण्याची शिस्त असते. घरीही तीच शिस्त उपयोगी पडेल. आपल्याकडे दोन डिस्क असतील, तर पहिलीचे ‘सी’ व ‘डी’ असे भाग करावेत. दुसरी डिस्क रेडमध्ये न जोडता बाहेरच्या डबीत घालावी. दर रविवारी ‘डी’ची प्रत तिच्यावर काढावी आणि लगेच केबल काढून ती कपाटात ठेवावी. अगदी मोलाच्या फाइलींची आणखी एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन बहिणीच्या किंवा भावाच्या घरी ठेवावी. तीन-चार महिन्यांनी या प्रतींतील दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात. जी प्रत उघडत नाही, ती असून नसल्यासारखीच.

घरूनच छायाचित्रणाचा किंवा हिशेबलेखनाचा व्यवसाय करणाऱ्यांना एक दिवसही काम थांबवणे परवडत नाही. त्यांनी रेड १ अवश्य लावावे. मात्र वेगळी प्रत त्यांनाही चुकत नाही. रेड ० वर तर ज्याची दुसरी प्रत नाही, असे काहीही ठेवू नये.

पार्टिशनने माहितीची मांडणी नीट होते, रेडने काम अखंड चालू राहते. पण हरवलेले परत मिळते ते वेगळ्या जागी ठेवलेल्या प्रतीतून. त्यामुळे पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर ते या प्रतीसाठी खर्च करावेत.