छाव्याला दूध पाजून करिअर होत नाही

एप्रिल उजाडला की माझ्याकडे येणारे प्रश्न ठरलेले असतात. नीटला कमी गुण पडले तर काय, आयटीत आता काही उरलंय का, ड्रॉप घ्यावा का. गेल्या काही हंगामांत त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. ‘मुलीला प्राण्यांची खूप आवड आहे. दक्षिण आफ्रिकेत सिंहाच्या अनाथ छाव्यांची देखभाल करायचा चार आठवड्यांचा कार्यक्रम आहे. विमानभाडं धरून अडीच-तीन लाख होतात. परदेशी प्रवेशासाठी प्रोफाइल चांगलं दिसेल ना?’

नाही. पैसे भरू नका. भरले असतील तर परत मागा.

हे ऐकून पालक दुखावतात. चांगल्या कामाला नाही कशी म्हणते ही बाई, असा चेहरा होतो. म्हणून आधी त्या छाव्याविषयी बोलू, प्रोफाइलकडे नंतर येऊ.

रानातली सिंहीण साधारण दोन वर्षांतून एकदा विते, कारण पिल्लं सोबत असेपर्यंत ती पुन्हा माजावर येत नाही. पिल्लं जन्मल्यावर काही दिवसांतच काढून घेतली, की ती लवकर माजावर येते. घरी गोठा असलेल्या कुणालाही हे गणित समजावून सांगावं लागणार नाही. काढून घेतलेलं पिल्लू मग ‘अनाथ’ ठरतं आणि पैसे भरून आलेल्या स्वयंसेवकाच्या मांडीवर बाटलीसकट ठेवलं जातं. चार-सहा महिन्यांत त्याची नखं पाहुण्यांना झेपेनाशी होतात. मग काही काळ पर्यटकांना त्याच्यासोबत फेरफटका मारता येतो, पुढे तेही धोक्याचं होतं. माणसाच्या हातावर वाढलेला सिंह जंगलात सोडता येत नाही. दक्षिण आफ्रिकेत अशा पैदास केंद्रांतले अनेक सिंह कुंपणाच्या आत, पैसे मोजून आलेल्या शिकाऱ्यांच्या गोळीला बळी पडत आले आहेत आणि त्यांची हाडं आग्नेय आशियाच्या बाजारात जात आली आहेत. 2017 साली तिथल्या सरकारनं 800 सांगाडे निर्यात करायची अधिकृत मुभा दिली होती. त्या निर्यात कोट्याला 2019 मध्ये न्यायालयानं बेकायदा ठरवलं. ‘ब्लड लायन्स’ हा माहितीपट 2015 चा. 2021 मध्ये सरकारनंच नेमलेल्या समितीनं पाळीव सिंहांची पैदास आणि छाव्यांना कुरवाळायला देण्याचा धंदा बंद करा, अशी शिफारस केली. म्हणजे हे गुपित राहिलेलं नाही. माहितीपत्रकात तेवढं ते छापत नाहीत.

थायलंडमधल्या कांचनाबुरीचं वाघांचं मंदिर आठवतं का? भगव्या वस्त्रातले भिक्खू आणि शेजारी लोळणारे वाघ, असे फोटो आपल्याकडेही खूप फिरले. तिथंही जगभरातून स्वयंसेवक यायचे, बछड्यांना दूध पाजायचे. 2016 मध्ये वन्यजीव अधिकाऱ्यांनी छापा घातला तेव्हा शीतपेटीत बछड्यांची 40 मृत शरीरं सापडली. तिथून सरकारी केंद्रांत हलवलेल्या 147 वाघांपैकी 86 वाघ 2019 पर्यंत मेले होते. एकाच रक्तातल्या पैदाशीनं ते आधीच दुबळे झाले होते, त्यात श्वसनाचा त्रास आणि डिस्टेंपर हा विषाणूजन्य आजार. त्या मंदिरातल्या एखाद्या स्वयंसेवकाच्या बायोडेटात ‘व्याघ्र संवर्धनाचा अनुभव’ अशी ओळ असेल, आणि ती त्यानं प्रामाणिकपणे लिहिली असेल.

‘पण हेमलकशाला आमटे बिबट्याला जवळ घेतातच की,’ असं एका बाबांनी मला सुनावलं होतं. हेमलकशाचं प्राणी अनाथालय सुरू झालं ते पोटासाठी होणाऱ्या शिकारीत आई मेलेल्या पिल्लांपासून. माडिया लोक ती पिल्लं डॉ. प्रकाश आमटे यांच्याकडे आणून देऊ लागले. तिथं पिल्लं मिळावीत म्हणून कुणी माद्या पाळल्या नाहीत आणि कुरवाळण्याचे दरही ठेवले नाहीत. त्यामागे एका माणसानं भामरागडच्या जंगलात काढलेलं अख्खं आयुष्य आहे. चार आठवड्यांच्या पॅकेजला आमट्यांच्या बिबट्यासोबतच्या फोटोची ढाल करू नका.

खरं आश्रयस्थान ओळखायला फार अक्कल लागत नाही. एकच प्रश्न लेखी विचारा : मागच्या वर्षीचे छावे आज कुठे आहेत? ज्यांना उत्तर देता येतं ते प्राण्याचं नाव, वय, पिंजऱ्याचा नंबर सगळं सांगतात. ज्यांना येत नाही ते सवलतीचा मेल पाठवतात. ग्लोबल फेडरेशन ऑफ ॲनिमल सँक्चुअरीज ही 2007 मध्ये स्थापन झालेली संस्था अशा केंद्रांना मानांकन देते. तिच्या अटी साध्या आहेत : पैदास नाही, प्राण्यांची खरेदी-विक्री नाही, पाहुण्यांनी वन्य प्राण्याला हात लावायचा नाही. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला थेट छाव्यांजवळ नेतो म्हणणारं केंद्र असेल तर पुढचं वाचूच नका.

मुळात खऱ्या ठिकाणी पिल्लू ठेवून घेण्यापेक्षा परत देण्याची धडपड जास्त असते. हे बघायला आफ्रिकेत जायची गरज नाही. जुन्नर तालुक्यात ऊसतोडीच्या दिवसांत फडात बिबट्याचे बछडे सापडतात. वन खातं आणि माणिकडोहच्या निवारा केंद्रातले पशुवैद्यक त्यांना तपासतात आणि संध्याकाळी खोक्यात घालून त्याच जागी ठेवतात. रात्री मादी येते, एकेक बछडा मानगुटीला धरून घेऊन जाते. कॅमेऱ्यात हे कितीदा तरी टिपलं गेलं आहे. त्या बछड्याला बाटली लावण्याची हौस कुणी केली असती, तर तो जन्मभर पिंजऱ्यात राहिला असता.

परदेशात जाण्यासारखी ठिकाणं नाहीतच, असं माझं म्हणणं नाही. झांबियातलं चिंफुंशी हे चिंपांझींचं आश्रयस्थान 1983 मध्ये सिडल दांपत्यानं आपल्या गुरांच्या रँचवर सुरू केलं, तिथं आज शंभरावर चिंपांझी आहेत. रोमानियात झार्नेश्तीजवळ 2005 पासून अस्वलांचं मोठं केंद्र आहे. हॉटेलांपुढे आणि पेट्रोल पंपांवर पिंजऱ्यात ठेवलेली अस्वलं तिथं ओकच्या जंगलात हिंडतात. थायलंडमध्येच चियांग माईजवळचं एलिफंट नेचर पार्क आणि फेचबुरीतलं वाइल्डलाइफ फ्रेंड्स फाउंडेशन आहे. चियांग माईला पूर्वी पाहुण्यांना हत्तींना अंघोळ घालू देत. पुढे ते बंद केलं, कारण त्यात हत्तीचा फायदा काहीच नव्हता.

मग तिथं जाऊन करायचं काय? चिरणं, धुणं, उचलणं. हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास खातो. त्यामुळे सकाळ कलिंगडं आणि भोपळे उतरवण्यात जाते, दुपार लीद भरण्यात. अस्वलांसाठी फळं बर्फात गोठवायची, माकडांसाठी बांबूच्या नळीत शेंगदाणे दडवायचे, म्हणजे खाणं शोधण्यात त्यांचा वेळ जातो आणि पिंजऱ्यात येरझाऱ्या घालण्याचं वेड कमी होतं. वानरकुळातल्या प्राण्यांजवळ मास्क लावून जावं लागतं, आपल्या सर्दीनं चिंपांझी मरू शकतो. फोटो काढण्याजोगं फार काही घडत नाही. गंमत अशी की नेमकं हेच काम करायला परदेशी मुलं पैसे भरून आग्र्याच्या अस्वल केंद्रात आणि मथुरेच्या हत्ती केंद्रात येतात, आणि आपली मुलं त्यांच्या डोक्यावरून उडून जोहान्सबर्गला जातात.

जायचंच असेल तर पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जावं, स्वतः थोडे पैसे साठवून. पर्यटक व्हिसावर बिनपगारी काम चालतं असं एजंट सांगतात, पण थायलंडसकट अनेक देशांत बिनपगारी कामही कामच धरतात, त्याची वेगळी परवानगी लागते. रेबीजची प्रतिबंधक लस आधी घ्या. आफ्रिकेतल्या काही देशांतून परतताना पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड लागतं आणि ती लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते.

आता प्रोफाइल. अमेरिकेत पशुवैद्यकीय प्रवेशाच्या सामाईक अर्जात पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली केलेल्या कामाचे तास वेगळे मोजतात आणि नुसतं प्राण्यांसोबत घालवलेले तास वेगळे. छाव्याची बाटली दुसऱ्या रकान्यात जाते. इंग्लंडच्या महाविद्यालयांना तर मेंढ्या विण्याच्या हंगामात वाड्यावर काढलेल्या रात्रींचं जास्त कौतुक. आपल्याकडे धनगराच्या पोराकडे हा अनुभव ढिगानं असतो, पण त्याच्या अर्जावर त्याला तो लिहायला कुणी सांगत नाही.

नेहमीचे रस्ते सगळ्यांना माहीत आहेत, त्यावर मी वेळ घालवत नाही. प्राणिशास्त्रात बीएस्सी, मग डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत किंवा बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमध्ये (एनसीबीएस) एमएस्सी. दोन्हीकडे जागा मोजक्या. नाहीतर वनसेवेच्या परीक्षा, यूपीएससीची किंवा एमपीएससीची. अभ्यासू मुलांसाठी उत्तम.

मला बोलायचं आहे ते बी.व्ही.एस्सी.बद्दल. प्राण्यांसाठी तीन लाख मोजायला तयार असलेल्या घरात हा शब्द काढला की शांतता पसरते. ‘म्हणजे गुरांचा डॉक्टर?’ हो, गुरांचा डॉक्टर. विहिरीत पडलेल्या बिबट्यासाठी बाज किंवा पिंजरा खाली सोडतात, तो वर येतो, तेव्हा त्याचं वजन अंदाजून भुलीचा डोस कुणी ठरवायचा? फासकीत अडकून पाय सडलेल्या वाघिणीचं काय करायचं, हे कुणी सांगायचं? तिथं प्राणीप्रेमी बाजूला उभा राहतो आणि पशुवैद्यक पुढे होतो. हा हात तयार होतो तो गाई-म्हशींवर, शेळ्यांवर, कुत्र्यांवर. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू फिरवल्याशिवाय कुणी वाघाचा डॉक्टर झालेला माझ्या ऐकिवात नाही.

अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. प्रवेश नीटच्या गुणांवर. पंधरा टक्के जागा देशपातळीवर भारतीय पशुवैद्यक परिषदेमार्फत भरतात, राज्याच्या जागा माफसूमार्फत. माफसू म्हणजे नागपूरचं महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ. त्याचं मुंबईचं महाविद्यालय 1886 पासूनचं. शिवाय नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथं महाविद्यालयं आहेत. गोरेवाड्याला याच विद्यापीठाचं वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. पुढे बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत (आयव्हीआरआय) वन्यप्राण्यांवर पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. आणि वन्यजीवांत जागा नाही मिळाली तरी पशुधन विकास अधिकारी, दूध संघ, लस आणि खाद्य कंपन्या, शहरातले दवाखाने आहेत. वाघावर काम मिळेलच असं वचन मी देत नाही. पूर्णवेळ वन्यप्राणी पशुवैद्यकाच्या जागा थोड्या आहेत, त्यातल्या बऱ्याच कंत्राटी, आणि रात्री दोनला फोन येतो.

एमबीबीएस हुकलं म्हणून नाइलाजानं इथं आलेली मुलं पहिल्या वर्षी रडतात आणि घरचे त्यांना ‘एक वर्ष ड्रॉप घेऊन पुन्हा बघ’ म्हणून आणखी रडवतात. तेच घर धाकट्याला आफ्रिकेला पाठवायची चौकशी करतं. हा विरोधाभास त्यांना दिसत नाही, कारण आफ्रिका नातेवाइकांना सांगता येते आणि उदगीर सांगता येत नाही. मुलाला प्राण्यांची आवड आहे म्हणून पाठवताय, की त्या आवडीचा फोटो हवाय, हे आधी नवराबायकोनं आपसांत ठरवा. मुलासमोर नको, त्याला उत्तर आधीच माहीत असतं.

मुलगा खरंच हट्टाला पेटला असेल तर सुट्टीत त्याला जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवा, तिथल्या डॉक्टरांची परवानगी घेऊन. कृत्रिम रेतन बघू दे, अंग बाहेर आलेली गाय बघू दे, लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाला गावोगाव हिंडू दे. घरी आल्यावर कपड्यांना वास येईल, त्याबद्दल बोलू नका. जून उजाडला तरी तो जात असेल, तर परदेशातल्या केंद्रांना मेल करायला हरकत नाही. तो मेल त्यानं स्वतः लिहावा. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल. बाबांनी लिहिलेला मेल तिथल्या लोकांना पहिल्या ओळीत कळतो, आणि मलाही.