आढ्याशी टांगलेले फुगे

५ मे १९६९ ची ती सायंकाळ. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराला लागून असलेल्या इंगलवुड येथे 'फोरम' नावाचे एक भव्य क्रीडागृह आहे. बास्केटबॉलचा निर्णायक सामना पाहण्यासाठी ते प्रेक्षकांनी फुलून गेले होते. सरावासाठी खेळाडू मैदानात उतरले आणि त्यांच्या दृष्टी आपोआप वर वळल्या. उंच आढ्याशी मोठमोठ्या जाळ्या बांधल्या होत्या आणि त्यांत हजारो फुगे भरून ठेवले होते.

या फुग्यांचे प्रयोजन एका छापील पत्रकात सांगितलेले होते. लॉस एंजेलिसचा 'लेकर्स' संघ विजयी होईल तेव्हा जाळ्या सोडण्यात येतील, फुग्यांचा वर्षाव होईल, विद्यापीठाचा बँड आनंदाची धून वाजवील आणि मग विजयी वीरांच्या मुलाखती होतील, असा सारा कार्यक्रम त्यात क्रमवार दिला होता. 'विजयी झाल्यास' असे त्यात कोठेही म्हटले नव्हते. 'विजयी होईल तेव्हा' असे म्हटले होते. संघाचे धनाढ्य मालक जॅक केंट कुक यांना जय आपलाच होणार याविषयी तिळमात्र शंका नव्हती. ते पत्रक प्रतिपक्षाच्या, म्हणजे बॉस्टनच्या 'सेल्टिक्स' संघाच्या हाती पडले. बॉस्टनचा नायक बिल रसेल याने ते वाचले आणि आपल्या सोबत्यांनाही त्यातील मजकूर ऐकविला. घरचा लेकर्सचा खेळाडू जेरी वेस्ट मात्र ते फुगे पाहून संतापला. शत्रूला चेतविण्यासाठी याहून चांगली युक्ती कोणाला सुचली नसती, हे तो जाणून होता.

हा सामना एवढा मोलाचा का होता, हे कळण्यासाठी या स्पर्धेची रीत समजून घेतली पाहिजे. बास्केटबॉल हा खेळ १८९१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने शोधून काढला. बाहेर थंडी असताना मुलांना घरात खेळता यावे म्हणून त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या दहा फूट उंचीवर ठोकल्या आणि त्यांत चेंडू टाकावयास सांगितले. टोपल्या गेल्या, त्यांच्या जागी लोखंडी कडे व जाळी आली. पण दहा फुटांची उंची आजही तीच आहे. खेळ लोकप्रिय होताच त्यावर उपजीविका करणारे व्यावसायिक खेळाडू तयार झाले. त्यांच्या संघांची मोठी संघटना १९४६ मध्ये स्थापन झाली. १९४९ पासून ती 'नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन' या नावाने ओळखली जाते.

या संघटनेतील प्रत्येक संघ वर्षभरात ८२ साखळी सामने खेळतो. तेवढ्यावर विजेता ठरत नाही. साखळीत वरचे स्थान मिळविणारे संघ पुढच्या स्पर्धेत जातात. तिला 'प्लेऑफ' असे म्हणतात. आपल्याकडील कबड्डीच्या किंवा खो-खोच्या बाद सामन्यांत एकदा हार झाली की संघाने गाशा गुंडाळावा, अशी रीत असते. प्लेऑफमध्ये तसे नाही. दोन संघ समोरासमोर आले की त्यांनी एकमेकांशी सातपर्यंत सामने खेळावयाचे आणि ज्याने आधी ४ जिंकले तो पुढे जावयाचा. एखादे दिवशी दैव फिरले, कोणाला ताप आला, कोणाचा हात चालला नाही, तरी सावरण्यास वाव राहतो. चार वेळा जिंकणारा संघ नुसता भाग्यवान नसतो, अशी यामागील समजूत आहे. आज ३० संघांतून १६ संघ या स्पर्धेत येतात आणि अजिंक्यपदासाठी चार फेऱ्या पार कराव्या लागतात. १९६९ मध्ये संघ १४ होते. त्यांतील आठ प्लेऑफला येत आणि फेऱ्या तीन असत.

त्या वर्षी अंतिम फेरीत आलेल्या दोन संघांचे वैर जुने होते. १९५९ पासून सहा वेळा ते अंतिम फेरीत एकमेकांना भिडले होते आणि सहाही वेळा बॉस्टनने बाजी मारली होती. १९६२ मध्ये तर सातव्या सामन्याच्या अखेरच्या क्षणी लेकर्सच्या खेळाडूने फेकलेला चेंडू कड्यात पडता तर वैराचा निकाल तेथेच लागला असता. पण तो कड्याला लागून बाहेर आला आणि जादा वेळेत बॉस्टन जिंकले. यंदा मात्र पारडे फिरल्यासारखे वाटत होते. लेकर्सने सात फुटांहून उंच असा विल्ट चेंबरलेन आपल्या संघात आणला होता. १९६२ मध्ये एकाच सामन्यात १०० गुण मिळविण्याचा विक्रम याच धिप्पाड गड्याच्या नावावर आहे. एल्जिन बेलर आणि जेरी वेस्ट असे दोन मातब्बर खेळाडू त्यांच्याकडे आधीपासूनच होते. साखळीत त्यांनी ५५ सामने जिंकून पश्चिम विभागात पहिले स्थान मिळविले.

उलट बॉस्टनचा संघ आता थकला होता. ४८ सामने जिंकून तो पूर्व विभागात कसाबसा चौथा आला. बिल रसेल पस्तिशीत पोचला होता. संघाचा खेळाडूही तोच आणि मार्गदर्शकही तोच. या संघटनेच्या इतिहासात मुख्य मार्गदर्शकाचे पद मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय होता. १९६६ मध्ये हा मान त्याला मिळाला. हे पद सुखासुखी आले नव्हते. १९६१ मध्ये लेक्सिंग्टन शहरी तो व त्याचे कृष्णवर्णीय सोबती हॉटेलच्या उपाहारगृहात गेले असता त्यांना खाणे देण्याचे नाकारण्यात आले. तेव्हा त्या सर्वांनी तेथे खेळण्यासच नकार दिला आणि ते परतले. रसेलला गुणांची हाव नव्हती. प्रतिपक्षाचा चेंडू अडवावा, कड्यावरून उसळून आलेला चेंडू झेलावा आणि सोबत्याच्या हाती द्यावा, यातच त्याचे सारे कौशल्य होते.

जेरी वेस्टची गोष्ट निराळी. वेस्ट व्हर्जिनिया या खाणींच्या राज्यात एका लहानशा वस्तीत तो वाढला. शेजाऱ्याच्या अंगणात एक कडे ठोकलेले होते. पावसात, हिमात, एकटाच तो त्यावर चेंडू फेकत राही. त्याच एकाकी सवयीने त्याला अमेरिकेतील अग्रगण्य नेमबाज खेळाडू बनविले. परंतु अजिंक्यपद त्याला सतत हुलकावणी देत होते. बॉस्टनच्या हातून अंतिम फेरीत पाच पराभव त्याने सोसले होते.

मालिका सुरू झाली ती वेस्टच्या पराक्रमानेच. पहिल्या सामन्यात त्याने एकट्याने ५३ गुण केले आणि लेकर्स १२०-११८ असे जिंकले. दुसऱ्यात त्याचे ४१ गुण झाले. पुन्हा लेकर्सचा जय. मग सामने बॉस्टनला गेले. रसेलने आपला डाव बदलला. वेस्टला अडविण्यास एकाऐवजी दोघे धावू लागले आणि तिसरा सामना बॉस्टनने जिंकला.

चौथ्या सामन्यात शेवटचे काही सेकंद उरले असता लेकर्स एका गुणाने पुढे होते. बॉस्टनच्या सॅम जोन्सकडे चेंडू आला. फेकता फेकता त्याचा पाय घसरला. चेंडू वेडावाकडा गेला, कड्यावर आपटला, उसळला आणि आत पडला! ८९-८८. लेकर्स तेथे जिंकते तर मालिकेत ते ३-१ असे पुढे गेले असते आणि त्यांना आणखी केवळ एक विजय पुरला असता. त्याऐवजी आता दोन्ही संघांचे दोन-दोन विजय झाले. पाचवा सामना लेकर्सने आपल्या घरी जिंकला, पण त्याच सामन्याच्या अखेरीस वेस्टच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला. सहाव्यात तो लंगडतच खेळला. तो सामना बॉस्टनने घेतला.

अशा रीतीने तीन-तीन बरोबरी झाली आणि सातव्या सामन्यासाठी दोन्ही संघ त्या फुग्यांखाली येऊन उभे राहिले.

बॉस्टनने आरंभापासूनच वेगाने खेळ केला. सामन्याचे बारा-बारा मिनिटांचे चार भाग असतात. त्यांतील तीन संपले तेव्हा बॉस्टन ९१-७६ असे १५ गुणांनी पुढे होते. त्या काळी लांबून टाकलेल्या चेंडूलाही दोनच गुण मिळत. तीन गुणांचा नियम १९७९ मध्ये आला. म्हणून १५ गुणांचे अंतर आजच्यापेक्षाही अवघड होते. परंतु बॉस्टनचे गडी दमले होते. सॅम जोन्सचे सहा नियमभंग भरले आणि त्याला मैदान सोडावे लागले. हा त्याच्या कारकिर्दीतील शेवटचा सामना होता. रसेलचेही पाच नियमभंग झाले होते. आणखी एक होता तर तोही बाहेर. मांडीला पट्ट्या गुंडाळून वेस्ट धावत होता आणि एकेक गुण भरून काढत होता.

एवढ्यात एक चेंडू झेलून खाली येताना चेंबरलेनचा गुडघा दुखावला. सामना संपण्यास साडेपाच मिनिटांच्या आसपास वेळ होता. तो बाहेर येऊन बसला. त्याच्या जागी आलेला मेल काउंट्स चांगला खेळला आणि फरक अवघ्या एका गुणावर आला : १०३-१०२. चेंबरलेनने आता पुन्हा खेळण्याची इच्छा दर्शविली, पण मार्गदर्शक व्हॅन ब्रेडा कोल्फ यांनी त्याला बसवूनच ठेवले. तो निर्णय योग्य होता की अयोग्य, याचा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. मार्गदर्शक आणि चेंबरलेन यांचे वर्षभर पटत नव्हते, हे ध्यानात घेतले तर हट्टाने विवेकावर मात केली असेच म्हणावे लागते.

सामन्याचा दीड मिनिटही उरला नव्हता. लेकर्सच्या एका खेळाडूने बॉस्टनच्या जॉन हॅव्हलिचेकच्या हातून चेंडू उडविला, पण तो गेला थेट बॉस्टनच्याच डॉन नेल्सनकडे. नेल्सनने घाईघाईने फेक केली. चेंडू कड्याच्या मागच्या बाजूवर आदळला, सरळ वर उंच उडाला, सर्वांनी श्वास रोखले, आणि तो जसा वर गेला तसाच खाली येऊन नेमका जाळीत पडला. लेकर्सचा धीर त्याच क्षणी खचला. १०८-१०६ असा दोन गुणांनी बॉस्टनचा विजय झाला. तेरा वर्षांतील त्यांचे ते अकरावे अजिंक्यपद होते आणि त्या अकराही वेळा रसेल संघात होता.

बँड मुका राहिला. फुगे आढ्याशी जेथल्या तेथेच लटकत राहिले.

सात सामने, दोन गुणांचा फरक, आणि दोनदा कड्यावर उसळून आत पडलेला चेंडू! दैवाचा खेळ टाळण्यासाठीच सात सामन्यांची योजना केलेली, आणि अखेरीस तो एवढ्या बारीक धाग्यावर येऊन लोंबकळला. वेस्टने त्या दिवशी ४२ गुण केले, कड्यावरून आलेले १३ चेंडू मिळविले आणि सोबत्यांना चेंडू पुरवून १२ वेळा गुण करून दिले. बॉस्टनचे खेळाडू त्याला भेटण्यास आले. तुझ्यावर आमचे किती प्रेम आहे, असे हॅव्हलिचेकने त्याला बोलून दाखविले. अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूस पारितोषिक देण्याची प्रथा त्याच वर्षी सुरू झाली होती. ते वेस्टला मिळाले. पराभूत संघाच्या खेळाडूला हा मान त्यानंतर कधीही मिळालेला नाही. पारितोषिक म्हणून एक मोटारगाडी देण्यात आली. तिचा रंग हिरवा होता. आणि हिरवा हा तर बॉस्टन संघाचा रंग! वेस्टच्या मनाची त्या वेळी काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करावी.

रसेल त्यानंतर खेळला नाही. आपल्या निवृत्तीनंतर त्याने चेंबरलेनवर, मोक्याच्या वेळी मैदान सोडल्याबद्दल, जाहीर टीका केली. हे दोघे प्रतिस्पर्धी असले तरी एकमेकांच्या घरी जेवणारे स्नेही होते. त्या एका टीकेने त्यांचा अबोला सुमारे वीस वर्षे टिकला. पुढे रसेलने आपली चूक कबूल करून क्षमा मागितली आणि स्नेह पुन्हा जुळला. २००९ पासून ते सर्वोत्तम खेळाडूचे पारितोषिक रसेलच्या नावाने दिले जाते. रसेल २०२२ मध्ये निवर्तला, वेस्ट २०२४ मध्ये.

वेस्टला अजिंक्यपद मिळाले ते १९७२ मध्ये. त्यापूर्वी १९७० मध्येही अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात न्यूयॉर्ककडून त्याला हार खावी लागली होती. १९७२ मध्ये त्याच न्यूयॉर्कला लेकर्सने चार विरुद्ध एक असे हरविले. त्या मालिकेत वेस्टचा नेम मुळीच लागत नव्हता. त्याचे चेंडू कड्यावर आपटून वारंवार बाहेर पडत होते. या वेळी सर्वोत्तम खेळाडू ठरला चेंबरलेन. आयुष्यातील उत्तम खेळ करून तो हरला होता आणि आता वाईट खेळून जिंकला होता. या विजयाचा आनंद आपल्याला हवा तसा झाला नाही, असे तो पुढे सांगत असे.